सीडी प्लेअर आणि आईचं जातं

माझ्या घरी एक मोठी खरेदी झाली.. सीडी प्लेअरची! पुढचं वाचण्याआधी हवं तर हसून घ्या. घरच्यांनी हसून घेतलंच आहे. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, अगं आता नव्या लॅपटॉपमध्येसुद्धा सीडी घालायची सोय नसते, आणि तू पंचाहत्तराव्या वर्षी सीडी प्लेअर घेतेस?" नातीनं विचारलं, "आजी, म्हणजे ते चकती आत घालतात ते?" आणि पुण्याच्या आमच्या वन्सं (हे वाचत असतीलच!) म्हणाल्या, "वहिनी, त्यापेक्षा तो पाच हजार गाण्यांचा रेडिओसारखा डबा मिळतो तो घ्या. बटण दाबलं की झालं."

तो डबाही माझ्याकडे आहे, बरं का. २०१७ साली तो बाजारात आला तेव्हा घरोघरी एकेक आला, तसा आमच्याकडेही आला. दुपारी भाजी निवडताना छान वाटतं त्यावर ऐकायला. पण त्यात मला हवी ती चाळीस मिनिटं नाहीत. ती पाच हजार गाण्यांत नाहीत, इंटरनेटवर नाहीत, जगात कुठंच नाहीत. ती फक्त माझ्याकडे, एका चकतीवर आहेत.

तर त्या चाळीस मिनिटांसाठी मी यंत्र कसं निवडलं, आणि निवडताना माझं एक ठाम मत कसं बनलं, ते आज सांगायचं आहे. मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे होतील. घरात आणायचं यंत्र डब्यावरचे आकडे बघून निवडू नये. ते बिघडलं की आपल्या गावात कोण उघडणार, आणि आपल्याकडची सगळ्यात वाईट वस्तू ते चालवणार का, हे बघून निवडावं.

आता सविस्तर.

आमच्या ह्यांना शास्त्रीय संगीताचं वेड. नोकरी बँकेत कारकुनाची, पण पगारवाढ झाली की पहिल्यांदा कपाटातली एक फळी वाढायची. मन्सूर, कुमार गंधर्व, किशोरीताई, गीतरामायणाचा अख्खा संच. आधी कॅसेट, मग सीडी. पुण्यामुंबईला गेले की हे नातेवाईकांकडे नंतर आणि सीडीच्या दुकानात आधी! मुंबईचं ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झालं, तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखे दिवसभर गप्प बसून होते. नव्वदीत त्यांनी एक ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे लाकडी स्पीकर घेतले. ते अजून ठणठणीत आहेत. २०१९ साली हे गेले. सीडी प्लेअर मात्र गेल्या उन्हाळ्यात गेला. आधी एखादी सीडी अडकायची, मग दोन, मग कुठलीही घातली तरी पडद्यावर "नो डिस्क". मी म्हटलं, डिस्क तर आहे बाबा, तुलाच दिसत नाहीये. मोतीबिंदू झालेल्या माणसाशी बोलावं तसं!

आता त्या चाळीस मिनिटांबद्दल. १९८९ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी आर्वीला माहेरी गेले होते. तोवर घरोघरी गिरणीचं पीठ आलं होतं. जातं परसात पालथं पडलेलं. मी आईच्या मागे लागले की एकदा बस आणि ओव्या म्हण, मला टेप करायच्या आहेत. ती म्हणाली, "जातं फिरल्याबिगर ओवी येत नाही, बाई." म्हणून जातं धुतलं, पुसलं, ओसरीवर आणलं, दोन शेर ज्वारी आणली आणि ती बसली. शेजारी आमचा टू-इन-वन. आई पाच वर्षांनी गेली.

ती कॅसेट मी जपली. २००४ साली गावात एक जण कॅसेटवरून सीडी करून द्यायचा, त्याच्याकडून सीडी करून घेतली. आणि मग मी आयुष्यातल्या दोन मोठ्या चुका केल्या. पहिली, "आता सीडी झाली ना" म्हणून ती कॅसेट दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीवाल्याला दिली. दुसरी चूक पुढे सांगते. ती जास्त लागली.

तुम्ही म्हणाल, बाई, मग ते कॉम्प्युटरवर उतरवून मोबाइलमध्ये घ्या की! घेतलं आहे. भाच्यानं केलं. जेवढं उतरलं तेवढं तीन ठिकाणी ठेवलं आहे, आणि तुमच्याकडे अशी एखादी चकती असेल तर तुम्हीही आज रात्री झोपण्याआधी हे करा. पण मोबाइलवर ऐकताना मला काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. दोन-तीनदा ऐकल्यावर लक्षात आलं. मोबाइलवर आई ऐकू येते, जातं ऐकू येत नाही.

शाळेतल्या आमच्या विज्ञानाच्या सरांना विचारलं (तेही निवृत्तच, रोज संध्याकाळी फिरायला भेटतात). ते म्हणाले, नखाएवढा स्पीकर खर्जाचा आवाज काढू शकत नाही, त्याला हवा हलवायला जागाच नाही. जात्याची घरघर खालच्या पट्टीत. ती तुमच्या मोठ्या स्पीकरमधूनच येणार. म्हणजे मोबाइलवर ओव्या अधांतरी लटकतात. ज्याच्या लयीवर त्या म्हटल्या, ते खालचं दगडाचं फिरणं गायब! पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावी फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या २०१७ पासून 'पारी'वर वाचायला आणि ऐकायला मिळतात. तिथे ऐकतानाही हेच जाणवलं, की ओवी म्हणजे नुसते शब्द नव्हेत, हात फिरत असतानाचा श्वास आहे तो. म्हणून ॲम्प्लिफायर, मोठे स्पीकर आणि त्यांना जोडायला सीडी प्लेअर. हौस म्हणून नाही.

एवढं ठरल्यावर भाच्याला घेऊन नागपूरला गेले. सीताबर्डीवरच्या एका चकचकीत दुकानात दोनच सीडी प्लेअर होते. विक्रेता मुलगा सगळं भाच्याशी बोलत होता. "सर, आँटी के लिए ब्लूटूथवाला देख लो ना, सीडी कौन सुनता है अब." मी म्हटलं, "बेटा, आँटी सुनती है. पैसे भी आँटी देगी." मग तो माझ्याकडे वळला! त्यातला चांगला म्हणून दाखवलेला पन्नास हजारांच्या घरात. मी किंमत परत विचारली, कारण आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग त्यानं डब्यावरचे आकडे वाचून दाखवले. सिग्नल टू नॉइज एकशे दहा डेसिबल. फ्रीक्वेन्सी वीस ते वीस हजार. आत अमुक चिप, तमुक चिप. निकालाच्या दिवशी टक्के सांगावेत तसं.

मी बी.ए.वाली, तेही मराठी माध्यमातून. आकड्यांपुढे मान खाली घालायची सवय. पण परत येताना बसमध्ये विचार करत राहिले आणि संध्याकाळी सरांना पकडलं. त्यांनी जे समजावलं ते इथे माझ्या भाषेत लिहिते.

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सीडीचे नियम ठरवले १९८० साली. पहिला प्लेअर बाजारात आला जपानमध्ये, १ ऑक्टोबर १९८२ ला. नियम असा, की आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहायचा. एवढ्या नमुन्यांत बावीस हजार हर्ट्झपर्यंतचे सूर पकडता येतात. तरुण, निरोगी कानाची मजल साधारण वीस हजारांपर्यंत. आणि माझ्या कानाची? वय झालं की वरचे सूर आधी जातात, हा निसर्गनियम. म्हणजे डब्यावरचे वरचे आकडे माझ्यासाठी नाहीतच. वटवाघळाला विकावेत.

आता एकशे दहा डेसिबल. १६ बिटांत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर मावतं ते सुमारे ९६ डेसिबल. म्हणजे सीडीची बादलीच तेवढी. नळ कितीही मोठा लावला तरी बादली तीच! आणि तसंही, वर्ध्यात मार्च ते जून आपण कूलर लावून बसतो. पारा ४५ च्या वर गेलेला, कूलर घोंघावतोय, आणि प्लेअरच्या आतली शांतता मोजायची? माझ्या मते पन्नास हजारांच्या शांततेपेक्षा संध्याकाळी अर्धा तास कूलर बंद करणं स्वस्त पडतं.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. २००७ साली अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या मासिकात मेयर आणि मोरान या दोघांचा एक प्रयोग छापून आला. सीडीपेक्षा वरच्या दर्जाचं समजलं जाणारं ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांना दोन तऱ्हांनी ऐकवलं. एकदा जसंच्या तसं आणि एकदा सीडीच्या १६ बिटी साच्यातून काढून. कुठलं कोणतं ते ओळखायचं. एकूण ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर उत्तर आलं. म्हणजे निम्म्याहून एक कमीच! नाणं उडवलं असतं तरी एवढे गुण पडले असते. माझ्या वर्गात कुणी चूक की बरोबरच्या प्रश्नांत असे गुण मिळवले असते, तर मी समजले असते की हा अंदाजपंचे ठोकतोय. यावरून मी माझ्यापुरतं ठरवलं की सीडीतला आवाज माझ्या कानाला पुरून उरतो. नीट बनवलेला कुठलाही प्लेअर तो बाहेर काढून देईल. फरक पडायचा तो स्पीकरनं, खोलीनं आणि ऐकणाऱ्यानं पडेल.

मग यंत्र निवडायचं कशावर? आवाज सारखाच असेल तर फूटपट्टी कुठली?

ती फूटपट्टी मला आमच्या वर्ध्यातच सापडली.

मगनवाडीतलं मगन संग्रहालय तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. गांधीजींच्या हस्ते १९३८ साली उघडलेलं. मी सहावी-सातवीच्या मुलांना दरवर्षी तिथे न्यायची. मुलं डबा कधी उघडायचा याची वाट बघत असायची, आणि मी तऱ्हेतऱ्हेच्या चरख्यांपुढे उभी राहून त्यांना एका स्पर्धेची गोष्ट सांगायची. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळचे लाख रुपये! गांधीजी यंत्राच्या विरुद्ध होते असं आपण सरसकट म्हणतो, पण शिवणयंत्राचं त्यांना कौतुक होतं आणि चांगल्या चरख्यासाठी एवढी रक्कम द्यायची तयारी होती. फक्त अटी कडक होत्या. चरखा हलका हवा. खेड्यातल्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालला पाहिजे. बाईला सलग आठ तास फार कष्ट न पडता चालवता आला पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. वेळच्या वेळी देखभाल केली तर निदान वीस वर्षं चालला पाहिजे. आणि देखभालीचा वर्षाचा खर्च यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नको.

ते बक्षीस अखेर कुणालाच मिळालं नाही. पण त्या शेवटच्या दोन अटी बघा. वीस वर्षं आणि पाच टक्के. किती सुताचा धागा निघणार हे तर विचारलंच होतं, पण त्याबरोबर हेही विचारलं की हे बिघडलं तर गरिबाच्या खिशाला काय पडणार. आजच्या कुठल्याही डब्यावर ही ओळ मला दाखवा. एकशे दहा डेसिबल लिहितात, "हे पाच वर्षांनी कोण उघडणार" हे कुणी लिहीत नाही.

मी ठरवलं, सीडी प्लेअरलाही हीच फूटपट्टी लावायची.

आता ती दुसरी चूक. वचन दिलंय, तेव्हा सांगते. २००४ साली ती सीडी घरी आणली तेव्हा वरून कोरी होती. मी मराठीची शिक्षिका. कोऱ्या पाठीवर नाव घातल्याशिवाय मला चैन पडेल का? बॉलपेन घेतलं आणि भोकाच्या वरच्या बाजूला, वळणदार अक्षरात, ठसठशीत लिहिलं, "आईच्या ओव्या, आर्वी". आणि वर शिरोरेषा ओढली. मुलांच्या मी कायम मागे असायची ना, शिरोरेषा द्या, शिरोरेषेशिवाय अक्षर म्हणजे बिनछपराचं घर! तशी दाबून ओढली.

गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की सीडीचा आवाज आपल्याला चकाकणाऱ्या खालच्या बाजूला आहे असं वाटतं. पण तो असतो वरच्या बाजूला, लेबलच्या अगदी खाली. किरण खालून येतो आणि जाड प्लॅस्टिकमधून वरपर्यंत जातो. म्हणून खालच्या ओरखड्यापेक्षा वरचा ओरखडा घातक. घरी लिहिलेल्या सीडीत तर वर नुसता रंगाचा आणि चकाकीचा पातळ थर. त्यावर मी बॉलपेन चालवलं!

वाचण्याची रेघ आतून सुरू होऊन गोल गोल बाहेर जाते. सरळ केली तर पाच किलोमीटर भरेल, म्हणजे वर्ध्याहून सेवाग्रामचा अर्धा रस्ता ओलांडून पुढे. वाटेत खड्डा लागला तर यंत्र आजूबाजूच्या आकड्यांवरून गाळलेली जागा भरून काढतं. शाईचा डाग पडलेला पेपर आपण जसा संदर्भानं तपासतो तसं. रेघेच्या लांबीत साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची गाळलेली जागा चांगल्या सीडीत भरून निघते. म्हणूनच सीडी पुसताना मधून बाहेर, सरळ पुसावी. रेघेला आडवा गेलेला ओरखडा परवडला, रेघेच्या दिशेनं गेलेला परवडत नाही. आणि भोकाच्या वर ओढलेली शिरोरेषा बरोब्बर रेघेच्या दिशेनंच जाते, मंडळी. उभा काना असता तर कदाचित माफ झालं असतं.

त्या शिरोरेषेखाली बाविसावं मिनिट येतं. आणि बाविसाव्या मिनिटाला आई ओवीत माझं नाव घालते.

कॉम्प्युटरवर उतरवताना नेमका तोच भाग तुटक आला. मुलानं दिलेल्या डीव्हीडी प्लेअरवर ती सीडी लागतच नाही. (अगदी पहिल्या पिढीतल्या बऱ्याच डीव्हीडी प्लेअरना घरी लिहिलेल्या सीडी वाचताच येत नसत. त्यांचा किरण तांबडा, आणि या सीडीतला रंग ठरलेल्या अवरक्त किरणासाठी बनवलेला. पुढे दोन्ही किरण घालायला लागले, पण प्रत्येक यंत्राची नजर वेगळी.) म्हणून नागपूरला दुसऱ्यांदा गेले तेव्हा पिशवीत ती सीडी घेऊन गेले. विक्रेत्याला म्हटलं, तुमची नमुन्याची सीडी नको, ही लावा. महागाच्या यंत्रानं बाविसाव्या मिनिटाला मान टाकली. दुसऱ्यानं सीडी ओळखलीच नाही. तो मुलगा म्हणाला, "आँटी, आपकी सीडी खराब है." मी म्हटलं, "खराब आहे म्हणूनच आणली. चांगली तर कुणीही वाजवेल." शाळेत हुशार मुलाला कुठलाही मास्तर शिकवतो, नाही का?

परत येऊन गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. रेडिओ, टेप, टीव्ही, आता मोबाइल, असं करत त्यानं चाळीस वर्षं काढली आहेत. माझाच विद्यार्थी, गणितात कच्चा, पण शाळेची घंटा बिघडली की दुरुस्त करायला मी त्यालाच वर्गातून पाठवायची. आमचा जुना प्लेअर उघडून तो म्हणाला, "बाई, लेन्स गेली याची. पण याची लेन्स आता भेटत नाही. एका कंपनीनं आपल्यापुरती बनवली होती, बंद झाली."

मग त्यानं मांडीवर हात पुसत मला जे सांगितलं ते कुठल्याही माहितीपत्रकात नाही. सीडी प्लेअरमध्ये बाकी सगळं वर्षानुवर्षं टिकतं. झिजतात त्या दोन-तीन गोष्टी, म्हणजे लेन्सचा डोळा, फिरवणारी मोटर आणि ट्रे पुढे-मागे करणारा रबरी पट्टा. पट्टा वीस-पंचवीस रुपयांचा. खरा प्रश्न डोळ्याचा. काही डोळे असे, की ते कितीतरी कंपन्यांच्या यंत्रांत वापरले गेले. सोनीचा केएसएस-२१३ घ्या, किंवा सान्योचा एसएफ-पी१०१. वर नाव कुणाचंही असो, आत डोळा हाच. तसेच डोळे अजून विकत मिळतात. "म्हणून बाई, वरचं नाव नोका पाहू. झाकण उघडून आत कोणता डोळा हाय ते पाहा. काऊन का डोळा भेटला तर म्या दोन तासांत बसवतो. नाई भेटला तर पन्नास हजाराचा बी डब्बाच."

त्याच्याकडे पुण्याला राहायला गेलेल्या कुणाचा तरी जुना जपानी प्लेअर पडून होता, सहज मिळणाऱ्या डोळ्याचा. नवा डोळा बसवून, पट्टा बदलून सात हजारांना देतो म्हणाला. मी पिशवीतून सीडी काढली. "ही लाव."

बावीस मिनिटं आम्ही दोघं दुकानात बसून राहिलो. गिऱ्हाईक आलं, गेलं. त्या दुकानाच्या खोक्याएवढ्या स्पीकरमधूनसुद्धा जातं थोडं थोडं ऐकू येत होतं. बाविसाव्या मिनिटाला टिक झालं, पुन्हा एकदा टिक झालं, आणि आईनं माझं नाव घेतलं. तुटलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, पाना उचलून दुसऱ्याच कामाला लागला. पोरगा शहाणा होता शाळेतही.

आता हिशेब. सात हजारांचे पाच टक्के म्हणजे वर्षाला साडेतीनशे. डोळा आणि मजुरी मिळून चौदाशे लागतील म्हणतो. म्हणजे चार वर्षांनी एकदा डोळा बदलावा लागला तरी १९२९ ची अट पाळली जाते. पन्नास हजारांच्या यंत्राला याच हिशेबानं वर्षाला अडीच हजार खर्च करायची मुभा आहे, पण करणार कुठे? ते उघडणारं माणूस गावात नसेल तर टक्केवारीला काय अर्थ?

यावर भाच्याचा आक्षेप असा, की मावशी, हे म्हणजे जुनं ते सोनं झालं. नाही रे बाबा. जुन्या प्लेअरपैकी निम्मे तरी भंगारात जाण्याच्या लायकीचे असतील. आमचा स्वतःचाच गेला की. मरांट्झ, डेनॉन, यामाहा अशा कंपन्या अजून नवे प्लेअर बनवतात, आणि ज्याच्याजवळ दुरुस्तीवाला नाही त्यानं हमी असलेला नवा घेणंच शहाणपणाचं. माझी सीडी तिथल्या दोन यंत्रांनी वाचली नाही, यावरून सगळी नवी यंत्रं वाईट असंही ठरत नाही. माझं म्हणणं एवढंच, की निवडताना प्रश्न बदला. "आवाज किती चांगला?" हा प्रश्न दुकानदाराच्या सोयीचा आहे, कारण त्याला आकड्यांत उत्तर देता येतं. "हे बिघडल्यावर मी कुणाकडे जाऊ?" हा प्रश्न आपल्या सोयीचा आहे. फ्रिज, पंखा, मिक्सर, सगळ्यालाच तो लागू आहे. आणि गावात तो एक दुरुस्तीवाला टिकून राहायचा असेल, तर आपण त्याच्याकडे काम न्यायला हवं. नाहीतर पुढच्या वेळी खरंच नवा डबा घेण्यावाचून गत्यंतर उरणार नाही, आणि मग आपणच म्हणू की हल्ली दुरुस्ती करणारे राहिले नाहीत.

वीस वर्षांच्या अटीचं मात्र मला हसू आलं. आज पंचाहत्तर, त्यात वीस मिळवले की पंच्याण्णव. यंत्राला मी ती अट घातली, पण माझी खात्री कोण देणार? म्हणून परवा नात आली होती तेव्हा तिला शेजारी बसवलं. झाकण कसं उघडतं, डोळा कुठे असतो, पट्टा कसा निघतो हे दाखवलं, आणि दुरुस्तीवाल्याचा नंबर तिच्या फोनमध्ये घालायला लावला. मग कूलर बंद केला आणि सीडी लावली. ती म्हणाली, "आजी, हा मागे आवाज कसला? पाऊस आहे का?" मी म्हटलं, "नाही गं, जातं आहे ते." आणि मग जातं म्हणजे काय हे सांगण्यात संध्याकाळ गेली.

असो. तुमच्या कपाटात अशी एखादी घरी केलेली चकती असेल तर या रविवारी काढा, उतरवून घ्या, आणि एकदा मोठ्या स्पीकरवर लावूनही बघा. काय निघालं ते जरूर कळवा. आणि हो.. चकतीवर नाव लिहायचंच असेल तर बॉलपेननं नको. मऊ टोकाच्या, सीडीसाठीच मिळणाऱ्या मार्करनं, मधल्या पारदर्शक गोलावर लिहा. शिरोरेषा नाही दिली तरी चालेल. या एका बाबतीत मी गुण कापणार नाही.